पंचाचा हात सर्वांना दिसला पाहिजे

यंदाच्या वार्षिक क्रीडा महोत्सवाचा सविस्तर वृत्तांत याच अंकात अन्यत्र दिला आहे. कोणत्या सदनाने किती पदके मिळवली, कोणाचा विक्रम मोडला, पाहुण्यांनी काय सांगितले, हे सारे त्यात आहे. परंतु मुलींच्या सॉफ्टबॉलच्या अंतिम सामन्याबद्दल त्यात एकच ओळ आहे : लाल सदन विजयी, पिवळे सदन उपविजयी. त्या दिवशी जे मैदानावर होते त्यांना ही ओळ अपुरी वाटेल. आम्हालाही वाटली. म्हणून हा लेख.

जे त्या दिवशी नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सातवा म्हणजे शेवटचा डाव. पिवळे सदन एका धावेने पुढे. लाल सदनाच्या दोन मुली बाद झालेल्या आणि एक मुलगी दुसऱ्या बेसवर. बॅटरने चेंडू लांब टोलवला. दुसऱ्या बेसवरची मुलगी धावत सुटली, तिसऱ्या बेसला वळसा घालताना क्षणभर अडखळली, पुन्हा धावली आणि होमप्लेटपाशी कॅचरने तिला चेंडू लावला. पिवळ्या सदनाच्या मुलींनी उड्या मारल्या, ग्लोव्ह हवेत उडाले. आणि तेवढ्यात पंचाने सांगितले, "आउट नाही. रन आहे."

का, ते कोणालाच कळले नाही. बरोबरी झाली, आठवा डाव खेळवला गेला आणि लाल सदन जिंकले. मधली दहा मिनिटे मात्र खेळ बाजूलाच राहिला. पालक दोरीच्या आत गेले. कोणी म्हणाले, पंचाने तर लाल टी-शर्टच घातला आहे, आणखी काय पुरावा हवा? कोणी त्याच्या वडिलांचे नाव घेतले. बक्षीस समारंभात दोन्ही संघांच्या मुलींनी एकमेकींशी हस्तांदोलन केले नाही. स्पष्टच सांगायचे तर त्या आरडाओरड्यात आम्हीही होतो. आमच्यापैकी दोघांच्या मुली पिवळ्या सदनात आहेत.

चार दिवसांनी एका पालकांनी मोबाइलवर घेतलेली चित्रफीत आम्ही पाहिली, तीन वेळा पाहिली. तिसऱ्या बेसवरची खेळाडू हातात चेंडू नसताना धावणारीच्या वाटेत उभी होती. धावणारी तिला चुकवण्यासाठी थांबली. सॉफ्टबॉलमध्ये याला ऑब्स्ट्रक्शन म्हणतात, मराठीत अडथळा म्हणू. नियम असा की हातात चेंडू नसलेल्या खेळाडूने धावणारीची वाट अडवली, तर त्या दोन बेसांच्या मध्ये तिला बाद देता येत नाही. अडथळा नसता तर ती जिथे पोहोचली असती असे पंचाला वाटते, तो बेस तिला द्यायचा. म्हणजे पंचाचा निर्णय बरोबर होता. चूक आमची होती.

पण चूक केवळ आमचीच होती का? हा निर्णय बरोबर असूनही मैदानावरच्या शंभर-दीडशे माणसांपैकी एकालाही तो बरोबर का वाटला नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला तीन गोष्टी दिसल्या : पंचाच्या खुणा, त्याचे उभे राहणे आणि त्याचे कपडे. या तिन्ही गोष्टींना आपण आजवर वरवरच्या समजत आलो. आमचे मत आता असे झाले आहे की न्याय देणे हे पंचाचे अर्धे काम आहे आणि तो न्याय सर्वांना दिसेल असा देणे हे उरलेले अर्धे.

खुणा कशासाठी?

कबड्डी, खो-खो आपल्या रक्तातले खेळ. तिथे पंचाच्या ओठांत शिट्टी असते. शिट्टी वाजली की सगळे थांबतात. सॉफ्टबॉलच्या पंचाकडे शिट्टी नसते. त्याच्याकडे आवाज आणि दोन हात एवढेच. आणि खेळ तर क्षणात चार ठिकाणी चालू असतो. म्हणून या खेळात प्रत्येक निर्णयाला ठरलेली खूण आहे आणि कोणत्या वेळी बोलायचे, कोणत्या वेळी गप्प राहायचे, हेही ठरलेले आहे.

उदाहरणे पाहा. बाद असेल तर उजव्या हाताची मूठ वर. सेफ असेल तर दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे, तळवे जमिनीकडे. फाउल असेल तर दोन्ही हात वर, तळवे उघडे, आणि तोंडाने मोठ्याने "फाउल बॉल". चेंडू फेअर असेल तर मात्र पंच एक शब्दही बोलत नाही, नुसता मैदानाच्या आतल्या बाजूस हात दाखवतो. यामागे विचार आहे. फेअर चेंडूवर खेळ चालू असतो. अशा वेळी पंच ओरडला तर "फेअर" की "फाउल" हे धावणाऱ्या मुलीला नीट ऐकू येणार नाही आणि ती थांबेल. फाउलला खेळ थांबवायचाच असतो, म्हणून तिथे आवाजही आणि हातही. उलट पिचरचा चेंडू "बॉल" ठरला तर नुसता आवाज, हात नाही. "स्ट्राइक" ठरला तर आवाज आणि उजवा हात दोन्ही. बोटांनी मोजणी दाखवताना बॉल डाव्या हाताच्या बोटांवर आणि स्ट्राइक उजव्या हाताच्या. एकदा हे समजले की लांब बसलेल्या आजोबांनाही धावफलकाशिवाय सामना कळतो.

आणि आता त्या दिवशीची खूण. अडथळा दिसताच पंचाने डावा हात खांद्याच्या रेषेत बाजूला ताठ करायचा आणि मूठ मिटायची. खेळ मात्र थांबवायचा नाही. त्या मिटलेल्या मुठीचा अर्थ असा : मी काहीतरी पाहिले आहे, तुम्ही खेळत राहा, हिशेब नंतर करतो. सॉफ्टबॉलमधली ही आम्हाला सर्वांत आवडलेली खूण आहे. कारण यात पंच आपला निर्णय शेवट पाहून ठरवत नाही, अगोदरच जाहीर करतो. त्या दिवशी तो डावा हात वर गेला असता, तर होमप्लेटपाशी काय होते याची वाट न पाहता सर्वांना कळले असते की तिसऱ्या बेसपाशी काही घडले आहे. तो गेला नाही. का गेला नाही? चित्रफितीत दिसते : आपल्या पंचाच्या डाव्या हातात वही होती. बॉल, स्ट्राइक आणि आउट मोजायला पंचाच्या मुठीत मावेल असे छोटे चाकांचे यंत्र मिळते, त्याला इंडिकेटर म्हणतात. ते आपल्या शाळेत नाही. म्हणून त्या मुलाने वही आणि पेन्सिल घेतली होती. वहीसकट हात वर कसा करायचा, हे त्याला सुचले नाही आणि त्याला कोणी शिकवलेही नव्हते.

या खुणा आल्या कुठून, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे. सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ साली अमेरिकेत शिकागो येथे झाला. त्याचा थोरला भाऊ बेसबॉल. त्या बेसबॉलमध्ये विल्यम हॉय नावाचे एक खेळाडू १८८८ पासून १९०२ पर्यंत सर्वोच्च पातळीवर खेळले. लहानपणीच्या आजारात त्यांची श्रवणशक्ती गेली होती. पंच काय ओरडला हे त्यांना ऐकू येत नसे, म्हणून बाहेर उभ्या असलेल्या मार्गदर्शकाने हाताने खुणा करून सांगावे अशी व्यवस्था त्यांनी करून घेतली. पंचांच्या साऱ्या खुणा हॉय यांच्यामुळेच सुरू झाल्या असे पुष्कळदा सांगितले जाते. इतिहासकारांचे त्यावर एकमत नाही; काही जण हे श्रेय १९०५ पासून पंचगिरी करणारे बिल क्लेम यांना देतात. श्रेय कोणाचेही असो, ज्याला ऐकू येत नाही त्यालाही न्याय कळला पाहिजे, हा विचार त्या खुणांमागे आहे एवढे खरे. आपल्या मैदानावर तर त्या दिवशी ढोल, लेझीम आणि लाउडस्पीकर चालू होता. ऐकू कोणालाच येत नव्हते.

उभे कसे राहावे?

आपल्या पंचाला आपण पिचरच्या मागे उभे केले होते. वर्षानुवर्षे आपल्याकडे हेच चालत आले आहे. कारण विचारले तर सांगितले गेले की मागे कॅचरपाशी उभे राहिले तर चेंडू लागेल, आणि पंचासाठी मास्क, छातीचे कवच, पायाचे पॅड आपल्याकडे नाहीत. आहे तो एक संच कॅचर वापरते. म्हणजे पंचाची जागा नियमाने ठरली नाही, क्रीडासाहित्याच्या कपाटाने ठरवली.

पंचाची खरी जागा कॅचरच्या मागे, कॅचर आणि बॅटर यांच्यामधल्या फटीतून चेंडू दिसेल अशी असते. पाय खांद्याएवढे फाकलेले, गुडघे वाकलेले, पाठ सरळ, हनुवटी साधारण कॅचरच्या डोक्याच्या पातळीवर. मुख्य म्हणजे डोके हलवायचे नाही; चेंडूचा पाठलाग डोळ्यांनी करायचा. असे का? होमप्लेट १७ इंच रुंद असते आणि स्ट्राइकचा पट्टा बॅटरच्या काखेपासून गुडघ्याच्या वरच्या टोकापर्यंत. आंतरराष्ट्रीय महिला सामन्यांत पिचर ४३ फुटांवरून, म्हणजे सुमारे १३ मीटरवरून चेंडू टाकते आणि तो अर्ध्या सेकंदाच्या आत येऊन पोहोचतो. एवढ्या वेळात डोके हलले की काखेच्या वर आणि काखेच्या खाली यांतला फरक गेलाच. पिचरच्या मागून तर आपल्याला चेंडूची पाठ दिसते. तो बॅटरपाशी किती उंचीवर होता याचा अंदाजच करावा लागतो.

बेसजवळच्या पंचाचेही असेच शास्त्र आहे. पहिल्या बेसवर चेंडू अगोदर आला की धावणारी, हे ठरवायचे असेल तर फार जवळ जायचे नाही. पंधरा-अठरा फूट अंतर ठेवायचे आणि चेंडू ज्या रेषेत येतो तिच्याशी काटकोन होईल असे उभे राहायचे. डोळे बेसवरच्या पायाकडे, कान ग्लोव्हकडे. ग्लोव्हमध्ये चेंडू बसल्याचा थाप असा आवाज अगोदर आला की पाय अगोदर पडला, एवढेच पाहायचे. खेळाडूला चेंडू लावून बाद करण्याचा प्रसंग असेल तर मात्र आणखी जवळ सरकायचे, कारण तिथे कानाचा उपयोग नाही. आणि निर्णयापूर्वी थांबायचे. धावता धावता निर्णय द्यायचा नाही. दोन्ही पाय स्थिर, नजर स्थिर, एक श्वास, मग हात.

हा एक श्वास आम्हाला फार मोलाचा वाटतो. प्रेक्षकांना तो उशीर वाटतो, पण तेवढ्या वेळात पंच जे पाहिले ते मनाशी पुन्हा पाहतो. चेंडू ग्लोव्हमधून सुटला तर नाही ना, याची खात्री करतो. घाईने मूठ वर करून मग हात आडवे करणारा पंच आपण पाहिलेला आहे. त्याच्यावर त्यानंतर कोणाचाच विश्वास बसत नाही.

पोशाख

अमेरिकेत सॉफ्टबॉलच्या पंचांचा पोशाख अनेक वर्षे फिकट निळा शर्ट, गडद निळी पँट, टोपी आणि काळे बूट असा राहिला. तो इतका रुळला की तिकडे खेळाडू पंचाला नावाने हाक न मारता नुसते "ब्लू" म्हणतात. स्त्री पंच असो वा पुरुष पंच, पोशाख तोच. त्यात ऐट नाही. हेतू एवढाच की मैदानावर कोणत्याही संघाचा नसलेला एक माणूस दुरून ओळखू यावा, आणि ती जागा कोणाची आहे याचा त्या माणसालाही विसर पडू नये.

आपल्याकडे काय झाले? त्या मुलाला सकाळी साडेसातला सांगण्यात आले की दहा वाजता तुला अंतिम सामन्याला पंच म्हणून उभे राहायचे आहे. तो गणवेशात आला होता. क्रीडाकक्षात त्याच्या मापाचा एकच टी-शर्ट होता, तो लाल निघाला. तो स्वतः निळ्या सदनाचा. लाल सदनाशी त्याचा काही संबंध नाही. पण दोरीबाहेर बसलेल्यांना हे कसे कळणार? मुलगा निःपक्षपाती होता, शर्टाने मात्र पक्ष घेतला होता.

पोशाखाबरोबर काही रीतीही येतात. पंचाच्या खिशात छोटा ब्रश असतो. होमप्लेटवर माती आली की तो ती झाडतो. त्याची पद्धत अशी की प्लेटच्या पुढे यायचे, पिचरकडे पाठ करायची, प्रेक्षकांकडे तोंड करायचे आणि मग वाकायचे. प्रेक्षकांकडे पाठ करून वाकायचे नाही. गोष्ट छोटी आहे. पण घरात वडीलधाऱ्यांसमोर कसे बसावे, कसे उठावे हे ज्या मुलांना शिकवले जाते, त्यांना ती लगेच समजेल.

नाटक नको, पण मुखदुर्बळही नको

या साऱ्यावर काही जण म्हणतील, हे म्हणजे पंचाला नट करण्यासारखे झाले. ही शंका अगदीच चुकीची नाही. बेसबॉलच्या सर्वोच्च साखळीतील पहिले कृष्णवर्णीय पंच एमेट ॲशफर्ड १९६६ साली तिथे पोहोचले. चकाकणारे बूट, हातात कफलिंक, डाव संपला की धावत जाणे, उड्या मारून दिलेले निर्णय यांसाठी ते प्रसिद्ध होते. लोक त्यांना पाहायला येत. काही सहकाऱ्यांना ते आवडत नसे, कारण पंच लोकांच्या नजरेत भरू नये असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आमच्या मते शाळेच्या मैदानावर साधी, ठाशीव, पुस्तकातली खूण पुरे. सोपा निर्णय शांतपणे द्यावा. अटीतटीचा असेल तर आवाज आणि हात दोन्ही थोडे अधिक जोरात, म्हणजे आपल्याला खात्री आहे हे समोरच्याला कळेल. तिसऱ्या स्ट्राइकवर बाद झालेल्या सातवीतल्या मुलीला आणखी हिणवणारी नाट्यमय खूण मात्र नको.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. खुणा, जागा, पोशाख सारे बरोबर असूनही निर्णय चुकला तर? चुकतो. २ जून २०१० रोजी डेट्रॉइट येथे बेसबॉलचा सामना चालू होता. पिचर अर्मांडो गलारागा याने ओळीने २६ फलंदाज बाद केले होते, एकही बेसवर पोहोचू दिला नव्हता. सत्ताविसावा बाद झाला की सामना "परफेक्ट" ठरणार होता. पहिल्या बेसवर पंच जिम जॉइस होते. अनुभवी माणूस. त्यांनी हात आडवे केले : सेफ. पुनःप्रक्षेपणात स्पष्ट दिसले की फलंदाज बाद होता. सामन्यानंतर जॉइस यांनी ते स्वतः पाहिले, आपण चुकलो हे सर्वांसमोर मान्य केले आणि गलारागाची भेट घेऊन माफी मागितली. दुसऱ्या दिवशी जॉइस होमप्लेटचे पंच होते. संघाची यादी त्यांच्या हाती द्यायला गलारागाच आला. जॉइस यांचे डोळे भरून आले होते.

म्हणजे नीट खूण केली की निर्णय बरोबर होतोच असे नाही. पण खूण स्पष्ट असली की चूक कुठे झाली हेही स्पष्ट होते, ती मान्य करता येते आणि माफही करता येते. आमच्या मैदानावर उलट झाले. निर्णय बरोबर होता, पण तो दिसला नाही, म्हणून त्याला ना कोणी मान दिला, ना त्याबद्दल नंतर कोणी त्या मुलाची क्षमा मागितली. या लेखाद्वारे आम्ही ती मागत आहोत.

आमच्या सूचना

त्या मुलाने क्रीडाशिक्षक सरांना सांगितले आहे, "सर, पुढच्या वर्षी मला सांगू नका." आमच्या दृष्टीने महोत्सवातले खरे नुकसान हे आहे. एका सदनाने चषक गमावला तर तो पुढल्या वर्षी परत मिळतो. जो मुलगा न्याय देण्याच्या जागी उभा राहायला तयार झाला, तो एकदा मागे फिरला की त्याच्या मागचे चार जणही पुढे येत नाहीत. "पाचांमुखी परमेश्वर" ही म्हण आपण सहज वापरतो, पण त्या पाचांत उभे राहण्याची वेळ आली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

पंचगिरी हा दुय्यम मार्ग आहे, ज्याला खेळता येत नाही त्याने पंच व्हावे, असाही एक समज आहे. आपल्याच इंदुरात जन्मलेले नितीन मेनन २०२० साली आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या सर्वोच्च पंच मंडळात निवडले गेले. त्यांचे वडील नरेंद्र मेनन हेही आंतरराष्ट्रीय सामन्यांत पंच होते. सॉफ्टबॉललाही पुढे दिवस आहेत. १९९६ ते २००८ या चार ऑलिंपिकमध्ये महिला सॉफ्टबॉल होता, नंतर वगळला गेला, २०२१ मध्ये झालेल्या टोकियो स्पर्धेत परतला, २०२४ च्या पॅरिसमध्ये नव्हता आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत पुन्हा घेण्याचा निर्णय झाला. तो निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईत भरलेल्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात झाला, हे विशेष. आपल्या शाळेतून खेळाडू घडतील तसे पंचही का घडू नयेत?

म्हणून मा. विश्वस्त मंडळाकडे आमच्या काही विनंत्या आहेत. पंचांसाठी मास्क, छातीचे कवच आणि पायाचे पॅड यांचा एक स्वतंत्र संच घ्यावा, म्हणजे होमप्लेटचा पंच आपल्या जागी उभा राहू शकेल. दोन इंडिकेटर आणि एक ब्रश घ्यावा. सदनांच्या चार रंगांपैकी एकही नसलेल्या रंगाचे शर्ट तीन मापांत शिवून घ्यावेत. आपल्याकडे निळे सदन असल्यामुळे निळा रंग चालणार नाही, राखाडी चालेल. अंतिम सामन्याला एकाऐवजी दोन पंच असावेत. स्नेहसंमेलनाच्या एका मंडपाचा खर्च डोळ्यांसमोर आणला तर ही मागणी मोठी वाटणार नाही.

क्रीडा विभागाला विनंती की आठवी ते अकरावीतील आठ-दहा मुलामुलींना दिवाळीच्या सुट्टीनंतर आठ दिवस पंचगिरीचे शिक्षण द्यावे. त्यात नियम तर असावेतच, पण आरशासमोर उभे राहून खुणा करण्याचा सराव, आवाज पोटातून काढण्याचा सराव आणि पाय रोवून उभे राहण्याचा सरावही असावा. शाळेच्या नाटकाची तालीम दीड महिना चालते. पंचाची तालीम आठ दिवस तरी चालावी. आणि बक्षीस समारंभात विजेत्या संघाबरोबर पंचांनाही व्यासपीठावर बोलवावे.

आता पालकांना, म्हणजे स्वतःलाही. सॉफ्टबॉलच्या नियमांत तक्रारीची सोय आहे, पण ती नियम चुकीचा लावला असेल तरच. धावणारी अगोदर पोहोचली की चेंडू, किंवा स्ट्राइक होता की बॉल, यावर तक्रार चालत नाही. तो पंचाचा अधिकार. आणि तक्रार करायची ती संघाच्या कप्तानाने किंवा मार्गदर्शकाने. पालकाचे नाव त्या यादीत कुठेच नाही. पुढच्या वर्षी आपण दोरीच्या बाहेर राहू. शंका असेल तर सामन्यानंतर सरांना विचारू. आणि पंचाच्या वडिलांचे नाव तर मुळीच घेणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांना हे शिकावेसे वाटते त्यांनी आपले नाव क्रीडाकक्षात नोंदवावे. खेळता येत नाही म्हणून नव्हे, खेळ आवडतो म्हणून.

त्या दिवशीच्या पंचाचे नाव आम्ही या लेखात मुद्दाम दिलेले नाही. त्याने आधीच पुरेसे ऐकून घेतले आहे. पण तो हा अंक वाचेल. त्याला एवढेच सांगायचे आहे की तू बरोबर होतास. पुढच्या वर्षी तुझ्या अंगात राखाडी शर्ट असेल, मुठीत इंडिकेटर असेल आणि डावा हात मोकळा असेल, एवढी जबाबदारी आम्ही घेतो. तू ये.

— संपादक मंडळ